रेग्युलेटरची होज निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा जिल्ह्यात मुनावळे येथे, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, जलपर्यटन केंद्र सुरू झाले आहे. सांगलीत २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि पाण्यातल्या बचावकार्याचे मोल साऱ्यांनाच कळले. या भागातल्या तरुणांना स्कूबा शिकायचे तर तारकर्ली जवळ आहे. त्यातले काही पुढे टेक्निकल डायव्हिंगकडे वळतील. त्यात ठरलेल्या खोलीवर थांबत थांबतच वर यावे लागते. अडचण आली म्हणून सरळ पृष्ठभाग गाठता येत नाही. म्हणूनच सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या रेग्युलेटरच्या होजबद्दलचे, म्हणजे त्याच्या लवचीक नळीबद्दलचे, गैरसमज महागात पडू शकतात.

गैरसमज : विणीची नायलॉन होज नवी, म्हणजे रबरी होजपेक्षा चांगलीच.
वस्तुस्थिती : ती हलकी असते, सहज वळते आणि जबड्यावर ताण कमी देते, हे खरे. पण वीण बाहेरून असते. हवा वाहते ती आतल्या पॉलियुरेथेनच्या नळीतून. या पॉलियुरेथेनचा पॉलिएस्टर प्रकार उष्णता आणि ओलावा मिळून हळूहळू विघटित होतो आणि नळीत स्फटिक साचतात. ते हवेची वाट अडवतात किंवा सुटून सेकंड स्टेजमध्ये, म्हणजे रेग्युलेटरच्या तोंडात धरायच्या भागात, शिरतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे ‘डॅन’ने, असे प्रकार तपासून इशारा दिलेला आहे. पॉलिइथर प्रकार ओलाव्याला अधिक टिकतो. बाहेरून पाहून मात्र दोन्हींतला फरक कळत नाही.

गैरसमज : गोड्या पाण्यात वापरलेली होज खराब होत नाही.
वस्तुस्थिती : मीठ नसल्याने धातूची टोके कमी गंजतात, एवढाच फायदा. वर सांगितलेल्या विघटनाला मीठ लागतच नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ओलसर ठेवलेली होज पाण्यात न जाताही खराब होत राहते. होज धुऊन, पूर्ण वाळवून, उन्हापासून दूर, सैल वेटोळे करून ठेवावी. पुराच्या पाण्यातली रेती विणीत अडकून राहते, तेव्हा धुण्यात हयगय नको.

गैरसमज : जास्त दाबाची होज फुटणे सर्वांत घातक.
वस्तुस्थिती : प्रेशर गेजकडे जाणाऱ्या होजमध्ये सिलिंडरचा पूर्ण दाब, २०० बार किंवा त्याहून अधिक, असतो. पण तिच्या मुळाशी टाचणीएवढेच छिद्र असल्याने हवा हळू जाते. श्वासाच्या होजमध्ये दाब जेमतेम ९-१० बार असतो, पण वाट रुंद असते. ती फुटली तर सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होऊ शकतो. फुटलेली बाजू बंद करून दुसरीवर श्वास घेता यावा, यासाठीच टेक्निकल डायव्हिंगमध्ये दोन फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचे सिलिंडरवर बसणारे, दाब कमी करणारे भाग) आणि हाताला लागणारे व्हॉल्व्ह असतात.

गैरसमज : जितके खोल जावे तितका होजवर ताण वाढतो.
वस्तुस्थिती : फर्स्ट स्टेज भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त दाब देते, त्यामुळे आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक जवळपास तेवढाच राहतो. वाढतो तो हवेचा खर्च. समुद्रात ४० मीटरवर एका श्वासाला पृष्ठभागाच्या पाचपट हवा लागते. शिवसागरची पातळी तर जलाशय भरल्यावर समुद्रसपाटीपासून ६५० मीटरहून उंच असते. तिथे होज बदलावी लागत नाही, वर येण्याचे गणित मात्र उंचीनुसार बदलावे लागते.

गैरसमज : टोकांना रबरी संरक्षक बसवले की काळजी मिटली.
वस्तुस्थिती : त्याखाली ओल धरते आणि गंज, चिरा झाकल्या जातात. प्रत्येक डायव्हिंगआधी संरक्षक मागे सरकवून जोड पाहावेत. फुगवटा, भेग, सुटलेला धागा किंवा नेहमीपेक्षा ताठरपणा दिसला, तर ती होज त्याच दिवशी बाजूला काढावी.

मग निवडायचे काय? जोडीदाराला देण्याच्या सुमारे २.१ मीटर लांबीच्या होजसाठी आपल्या हवामानात चांगल्या प्रतीचे साधे रबरच योग्य. ते अंगालगत नीट बसते. फार हलकी होज फुग्यासारखी वर उचलली जाऊन अडकते. विणीचीच हवी असेल, तर आतली नळी पॉलिइथरची आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. उत्तर मिळाले नाही, तर खरेदी करू नका. होजवर खरेदीची तारीख लिहा आणि उत्पादकाने दिलेली मुदत संपली, की ती दिसायला कितीही चांगली असली तरी बदला.