मुंडणाने टक्कल भरून येते का?

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर स्वामीमलईला मुरुगनचे, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचे, प्रसिद्ध मंदिर आहे. साठ संवत्सरांच्या साठ पायऱ्या चढून भाविक दर्शनाला जातात. नवस फेडायला आलेले केस अर्पण करतात आणि तुळतुळीत डोक्यावर चंदनाचा लेप लावतात. कधी वडील आणि लहानगा मुलगा दोघेही एकाच दिवशी मुंडण करतात. तीन-चार महिन्यांनी मुलाचे डोके पुन्हा काळेभोर दिसू लागते. वडिलांच्या डोक्यावर मात्र कानांच्या बाजूने आणि मागे केस येतात, टाळू व कपाळाची वरची बाजू पूर्वीसारखीच विरळ राहते. वस्तरा तोच, चंदनही तेच. मग हा फरक का?

जावळ काढले की केस दाट येतात, ही समजूत आपल्याकडेही घरोघरी आहे. त्याच भरवशावर केस विरळ झालेले तरुण पुन्हा पुन्हा गोटा करतात. परंतु वस्तरा फक्त त्वचेच्या वरचा केस कापतो, मुळापर्यंत तो पोहोचतच नाही. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली पुरुषांच्या दाढीवर प्रयोग करून दाखवले, की वस्तऱ्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. नवा केस राठ लागतो, कारण त्याचे टोक बोथट कापलेले असते. बाळाचे मऊ जावळ जाऊन दाट केस येतात ते वाढत्या वयामुळे.

मूळ का आक्रसते?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विसावतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे.

पुरुषी टक्कल पडते तेव्हा हे चक्र बिघडते. पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या हार्मोनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे दुसरे हार्मोन तयार होते. ज्यांच्यात आनुवंशिक कल असतो, त्यांच्या टाळूवरची व कपाळावरची मुळे या हार्मोनमुळे हळूहळू आक्रसतात. दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. शेवटी नुसती लव उरते. मागच्या व कानांजवळच्या मुळांवर हा परिणाम फारसा होत नाही. हार्मोनचा हा संबंध जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिला.

'टक्कल आईच्या माहेराकडून येते' हे अर्धसत्य आहे. एक महत्त्वाचे जनुक आईकडून मिळते खरे, पण वडिलांकडून येणारी जनुकेही तितकीच कारणीभूत असू शकतात. टोपी घालणे किंवा रोज डोक्यावरून अंघोळ करणे यामुळे हे टक्कल पडत नाही. तेलाने केस मऊ होतात, आक्रसलेले मूळ मात्र पूर्ववत होत नाही.

उपचार कोणते?

मूळ जिवंत आहे तोवरच औषधाचा उपयोग. म्हणून केस विरळ होऊ लागताच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी केसगळती वेगळी असते व बहुधा आपोआप थांबते. गोल चट्ट्यांत केस जाणे हाही निराळा आजार आहे.

मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. त्याने अंगावर केस वाढतात असे दिसले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावण्यासाठी मान्य झाले. सुरुवातीला केसगळती वाढल्यासारखी वाटते, परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. फिनास्टेराइडची गोळी हार्मोनचे रूपांतर रोखते. टकलावर तिला १९९७ मध्ये तेथे मान्यता मिळाली. काहींना तिने कामेच्छा कमी होणे, उदास वाटणे असे त्रास होतात, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. गर्भवती स्त्रीने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. दोन्ही औषधे बंद केली की फायदा काही महिन्यांत ओसरतो.

केशरोपणात मागची टिकाऊ मुळे पुढे लावली जातात. नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवले, की अशी मुळे नव्या जागीही आपला गुण टिकवतात. ही शस्त्रक्रिया आहे. ती प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच करून घ्यावी आणि मागचे केस मर्यादितच असतात हे लक्षात ठेवावे.

घरच्यांनी काय करावे?

टक्कल हा जिवाला धोका असलेला आजार नव्हे. पण लग्नाचे बघत असताना पंचविशीतला मुलगा फोटो काढायला नको म्हणतो, समारंभ टाळतो, 'पंधरा दिवसांत केस' अशा जाहिरातींवर चोरून पैसे घालवतो. अशा वेळी 'चंद्र उगवला' म्हणून केलेली थट्टा त्याला फार लागते. त्याला डॉक्टरांकडे जायला सोबत द्यावी. उपचार घ्यायचा की केस बारीक कापून आहे तसे राहायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.

आणि स्वामीमलईला तो नवस फेडायला निघालाच, तर आनंदाने जावे. मुंडण देवासाठी करावे, टकलावरचा उपाय म्हणून नव्हे.