म्युच्युअल घटस्फोट आणि दोन घरांतलं मूल

परस्परसंमतीने वेगळ्या होणाऱ्या जोडप्यांच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये, फ्लॅट, गृहकर्ज, दागिने, जॉइंट खाती यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. मुलाच्या वाट्याला मात्र अनेकदा एकच वाक्य येतं: ताबा आईकडे राहील, वडिलांना भेटीचा अधिकार राहील. त्या वेळी दोघं एकमेकांशी नीट बोलत असतात, त्यामुळे ‘बाकीचं आपण बघू’ म्हणून विषय मिटतो. पुढे एकाची बंगळुरूला बदली होते, दुसऱ्याचं लग्न ठरतं, आणि त्या एका वाक्याचा अर्थ लावण्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते.

बारीकसारीक गोष्टी लिहून घेण्याची खरी वेळ सलोखा असतानाच असते. कायद्याचीही अपेक्षा तशीच आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद 1976 मध्ये आली. किमान वर्षभर वेगळं राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान पुन्हा येऊन निर्णय कायम असल्याचं सांगायचं. मधले सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ठरवलं, पण त्यासाठी घातलेल्या अटींपैकी एक अशी, की पोटगी आणि मुलांचा ताबा हे प्रश्न दोघांनी मनापासून मिटवलेले असले पाहिजेत.

पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, असं 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. त्याच कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, अशी रचना आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही मागितली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वडील हयात असले, तरी ते मुलाची जबाबदारी सांभाळत नसतील तर आईच पालक ठरते, असा निकाल 1999 मध्ये लागला. आजही मुलाचा पासपोर्ट काढताना दोन्ही पालकांच्या संमतीचा प्रश्न येतोच, म्हणून कोणत्या कागदावर कोणाची सही चालेल हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

आईवडिलांचं एकमत झालं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. मुलाचं हित ही न्यायालयाची पहिली कसोटी असते, आणि त्या हिताला बाधा येईल असं कलम न्यायालय नाकारू शकतं. कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक विचारतात ते प्रश्न अगदी घरगुती असतात, आणि तेच महत्त्वाचे असतात. गणपतीला मूल कोणाच्या गावी जाणार? मे महिन्याच्या सुट्टीचे किती दिवस कोणाकडे? शाळेच्या पालकसभेला दोघांनी जायचं का? आजीआजोबांना नातवंडं कधी भेटणार? ताप आला तर दुसऱ्याला कधी कळवायचं? परगावी किंवा परदेशी असलेल्या पालकासाठी व्हिडिओ कॉलची वेळही ठरवावी. समोरासमोर भेट शक्य नसेल तेव्हा असा संपर्क मुलाला मिळालाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आमीर खान आणि किरण राव यांनी जुलै 2021 मध्ये वेगळं होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मुलाला दोघं मिळून वाढवू आणि पानी फाउंडेशनचं कामही एकत्र करू, असं सांगितलं. त्यांच्याकडे पैशाची अडचण नव्हती हे खरं. तरीही नवराबायको हे नातं संपल्यावर आईबाप हे नातं चालू राहतं, ही गोष्ट अनेक मराठी घरांत अजून मोठ्याने बोलली जात नाही, म्हणून ते निवेदन मोलाचं वाटतं.

पैशाचा हिशेब मात्र भावनेवर सोडू नये. पोटगी नवरा किंवा बायको कोणीही मागू शकतं आणि सोडूही शकतं. मुलाच्या खर्चाचं तसं नाही. तो हक्क मुलाचा आहे, आणि ‘मला काही नको’ म्हणणारी स्वाभिमानी आईसुद्धा तो त्याच्या वतीने सोडून देऊ शकत नाही. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने 2015 मध्ये एका प्रकरणात पत्नीला दरमहा 15,000 रुपये अंतरिम पोटगी दिली. लहान मुलासाठी आधी 5,000 आणि सप्टेंबर 2015 पासून 10,000 रुपये ठरवले. मूल वाढतं तसा खर्च वाढतो, हे त्या आदेशातच मान्य केलेलं होतं. हेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर 2020 मध्ये पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचं प्रतिज्ञापत्र देण्याचा नियम घातला गेला. भांडणाऱ्यांसाठी आलेली ही शिस्त सलोख्याने वेगळे होणाऱ्यांनी आपणहून पाळावी. एकमेकांचा पगार माहीत आहे असं वाटत असतं, पण कर्जं नेहमी माहीत असतातच असं नाही.

मालमत्तेच्या बाबतीत गोव्यात चित्र थोडं वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता पतीपत्नीची सामाईक धरली जाते, त्यामुळे वाटणीची बोलणी निम्म्या हिश्श्यापासूनच सुरू होतात.

ताबा आणि खर्चाबाबतचा आदेश परिस्थिती बदलली तर बदलून घेता येतो. तरी एक कलम सुरुवातीलाच हवं. मुलाच्या बाबतीत कायद्याची सक्ती साधारणपणे अठराव्या वर्षापर्यंत असते, आणि इंजिनिअरिंगची किंवा मेडिकलची फी, हॉस्टेल, कोचिंग हा सगळा मोठा खर्च नेमका तिथून सुरू होतो. अविवाहित मुलीला कायद्याचं संरक्षण त्यापुढेही आहे. मुलग्यासाठी मात्र उच्च शिक्षणाचा किती टक्के भार कोण उचलणार आणि दरवर्षी रक्कम किती वाढणार, हे तो दुसरीत असतानाच कन्सेंट टर्म्समध्ये लिहून घ्यायला हवं.