टरफला-टरफलांतील भेद

टरफल कोणतेही असो, मेंढीचे पोट भरले म्हणजे झाले, असा समज आपल्या पुष्कळ शेतकरी बंधूंचा आहे. महसूल खात्यातील कारकुनी संपवून शेतीकडे वळल्यावर प्रस्तुत लेखकाचीही तीच समजूत होती. एका उन्हाळ्यात कडबा महागला, सबब भुईमुगाची टरफले स्वस्त मिळाली ती आणून मेंढ्यांपुढे टाकली. पोटे भरलेली दिसत. परंतु बरगड्या वर आल्या, व्यालेल्या मेंढ्यांस दूध उतरेना, आणि दोन कोकरे दगावली. तेव्हा चूक कोठे झाली हे शोधणे भाग पडले.

टरफल हा एकच शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंस लावतो. भुईमुगाचे टरफल हे शेंगेचे कवच होय. डाळ करताना तूर-हरभऱ्याचे निघते ती दाण्याची साल. सोयाबीनच्या दाण्याचीही तशीच साल निघते. कवच व साल या दोहोंत तंतू पुष्कळ असतो. मेंढीच्या पहिल्या मोठ्या पोटातील सूक्ष्म जंतू हा तंतू आंबवितात व त्यापासून तिला शक्ती मिळते. मात्र तंतूत काष्ठद्रव्य, म्हणजे लिग्निन, जितके अधिक तितके जंतूंचे काम अडते. भुईमुगाच्या कवचात ते शेकडा २५ च्या आसपास, तर सोयाबीनच्या सालीत शेकडा २-३ च असते. म्हणून १०० किलो कवचापैकी सुमारे पाऊणशे किलो न पचता लेंडीवाटे जाते. सोयाबीनच्या सालीपैकी ७० किलोंच्या आसपास अंगी लागते. कवच दळून घातल्यानेही काष्ठद्रव्य जात नाही. उलट बारीक भुकटी पोटातून लवकर पुढे सरकते.

हरभऱ्याची सालही चांगली पचते. तुरीच्या तांबड्या सालीत तुरट द्रव्य असून ते प्रथिनांस बांधून ठेवते. यास्तव नुसत्या सालीपेक्षा चुणी घ्यावी. तीत डाळीचे तुकडे व पीठ मिसळलेले असल्याने प्रथिने अधिक मिळतात. विकत घेताना मूठभर चुणी पाखडून पहावी, म्हणजे त्यात डाळ किती व फोल किती ते तेथेच कळते.

३० किलो वजनाच्या मेंढीस दिवसास सुमारे १ किलो सुके खाद्य लागते. त्यात चुणी २०० ग्रॅमपर्यंत असावी, व तीही आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावी. एकदम घातल्यास अपचन होते. बाकीचा भाग वैरणीचा ठेवावा व पाणी मुबलक द्यावे. बुरशी धरलेला माल मात्र फुकट मिळाला तरी घालू नये.

शेवटी हिशेबाची गोष्ट. भाव पोत्याचा न पाहता पचणाऱ्या किलोचा पहावा. सोयाबीनच्या सालीच्या निम्म्या भावाने भुईमुगाचे कवच मिळाले, तरी ते महागच पडते. कारण त्यातून अंगी लागणारा भाग निम्म्याहून कमी असतो. कवच गोठ्यात अंथरावे, खतात कुजवावे. दुभत्या मेंढीचा आधार त्यावर ठेवू नये.