जादा दिव्यांचे वेगळे खाते

गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाटात दाट धुक्यात माझ्या मोटारसायकलचा हेडलाइट एकाएकी विझला. हौसेने बसवलेले दोन जादा दिवे मी त्याच्याच वायरीला जोडले होते. भार वाढला, फ्यूज उडाला आणि मूळ दिवाही गेला. सगळा खर्च एकाच खात्यावर टाकू नये, हे वाणिज्य शाखेत शिकूनही मी विसरलो होतो!

मित्रहो, यावर उपाय म्हणजे वेगळी फ्यूजपेटी. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडावे. धन टोकापासून जाड वायर घेऊन, बॅटरीच्या अगदी जवळच तिच्यावर मुख्य फ्यूज बसवावा. पुढे रिले व त्यापुढे पेटी. रिलेला इशारा इग्निशनच्या वायरीवरून द्यावा; म्हणजे किल्ली फिरवताच सारे बंद होते आणि बॅटरी उतरत नाही. पेटीतून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र फ्यूज मिळतो.

हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर येतात. ३५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ७० भागिले १२, सुमारे ५.८ अँपिअर. त्यांना १० अँपिअरचा फ्यूज पुरे. मात्र वायरीला सोसेल त्याहून मोठा फ्यूज कधीही घालू नये. फ्यूज वायरीचा राखणदार असतो. तो उडाला नाही तर वायरच पेटते, तीही पेट्रोलच्या टाकीखाली.

शेवटी एक लक्षात ठेवावे : पेटीने वीज वाढत नाही. इंजिन चालताना तयार होते तेवढीच जमा. खर्च तिच्या आत राहिला, तरच घाट उजेडात पार होतो.