घुणाक्षर वाचणारे डोळे

सोलापुरातल्या टॉवेलच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे तपासणी विभागात काढली. मागावरून उतरलेला माल टेबलावर पसरायचा, उजेडात धरायचा, तुटलेला धागा, उडालेला लूप, सरकलेली नक्षी शोधायची आणि वहीतल्या ‘दोष’ या रकान्यात नोंद करायची, हे माझे काम. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा एक प्रश्न मनात घर करून बसला. जगातल्या कितीतरी उपयोगी गोष्टी चुकीतून, अपघातातून किंवा सहज कानावर पडलेल्या एखाद्या बातमीतून उभ्या राहिल्या, असे आपण ऐकतो. हे निव्वळ नशीब असते का? तसे नसेल, तर कामाच्या ठिकाणी अशा योगायोगांची मशागत करता येते का? या लेखात त्याचाच शोध घ्यायचा आहे. तो घेताना माझी स्वतःची एक चूकही सांगावी लागेल.

इंग्रजीत अशा सुदैवी शोधाला ‘सेरेंडिपिटी’ म्हणतात. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ रोजी लिहिलेल्या एका पत्रात हा शब्द घडवला. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची कथा त्याच्या वाचनात आली होती. सेरेंडिप म्हणजे अरबी-फारसीतले ‘सरनदीब’, म्हणजेच आपले सिंहलद्वीप, आजची श्रीलंका. ही कथा १५५७ साली व्हेनिसमध्ये इटालियन भाषेत छापली गेली. तिची मुळे मात्र फारसी वाङ्मयात, अमीर खुस्रोच्या ‘हश्त बिहिश्त’पर्यंत जातात. शब्द परका वाटला, तरी त्याचे माहेर आपल्या शेजारचेच आहे.

त्या कथेतल्या राजपुत्रांनी हरवलेला उंट पाहिलेलाही नसतो. तरी तो एका डोळ्याने आंधळा, एका पायाने लंगडा आणि एक दात पडलेला आहे, असे ते सांगतात. रस्त्याच्या एकाच बाजूचे गवत खाल्लेले, एक पाय फरफटल्याची खूण, आणि चघळलेल्या गवताचे दाताएवढे गोळे वाटेवर सांडलेले, एवढे त्यांनी जाता जाता टिपलेले असते. वॉलपोलच्या मनात दोन गोष्टी होत्या: योगायोग आणि चाणाक्षपणा. पुढे शब्द रुळला आणि दुसरी गोष्ट बहुतेकांच्या बोलण्यातून गळून पडली.

आपल्याकडच्या लौकिक न्यायांत या विषयावरचे दोन दाखले आहेत. एक काकतालीय न्याय, ज्याला आपण मराठीत ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ म्हणतो. दुसरा घुणाक्षर न्याय. लाकूड पोखरणारा घुण नावाचा किडा फिरता फिरता जी रेषा कोरतो, तिच्यातून कधी एखादे अक्षर उमटते. किड्याला अर्थातच लिहिता येत नाही. परंपरेत हाही दाखला योगायोगासाठीच देतात. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. फांदी मोडायला पाहणारा लागत नाही. अक्षर व्हायला वाचणारा लागतो. ज्याला लिपी ठाऊक नाही, त्याला त्या लाकडात फक्त कीड लागलेली दिसेल.

वाचणारा म्हणजे काय, हे पाहायला सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. घरची पेढी आणि कापसाचा व्यापार सोडून ते लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेऊ लागले. सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून झाली. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. १९१९ साली दिल्लीहून मुंबईला परतताना रेल्वेप्रवासात त्यांना समजले, की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विकायचे आहे. हे मूळचे कॅनडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. युद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरण्यासाठी ते ग्वाल्हेर दरबाराने घेतले होते.

जहाज विकाऊ आहे हे ठाऊक असणारे त्या वेळी आणखीही असतील. वालचंदांना जहाजधंद्याचा अनुभव नव्हता. पण माल कुठून कुठे, कोणत्या दराने, किती दिवसांत जातो, हे कंत्राटदाराचे रोजचे गणित होते आणि हिंदुस्थानचा समुद्री व्यापार बहुतांशी ब्रिटिश कंपन्यांच्या हाती आहे, हेही दिसत होते. ते गणित डोक्यात असलेल्या माणसाला ती बातमी वेगळी ऐकू आली. नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्या साथीने ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनी उभी राहिली. यांतले नरोत्तम हे मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव, आणि सोलापूरची १८७७ सालची ‘जुनी गिरणी’ मोरारजींनीच उभारलेली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

गोष्ट इथे संपवली तर ती नशिबाची ठरेल. पुढे ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून स्पर्धा केली. खुद्द ‘लॉयल्टी’ १९२३ साली मुंबईत भंगारात निघाली. कंपनी मात्र टिकली. वीस वर्षांनी असाच योग पुन्हा आला. १९३९ साली विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी वालचंदांची अचानक ओळख झाली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरात ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ सुरू झाली. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ ते. एकाच माणसाला दोनदा असे योग येतात, तेव्हा त्याच्या कुंडलीपेक्षा त्याच्या सवयी पाहाव्यात असे मला वाटते. हा माणूस सतत प्रवासात होता, आपल्या धंद्याबाहेरच्या लोकांशी बोलत होता आणि ऐकलेल्या गोष्टीमागे लगेच उठून जात होता.

दुसरे उदाहरण विद्येच्या क्षेत्रातले. चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ साली भोपाळकडे रेल्वेने जात असताना त्यांना खिडकीतून दूरवर खडकांची एक विशिष्ट रचना दिसली. पुढे ते तिथे पोहोचले आणि भीमबेटकाची शैलचित्रे जगापुढे आली. २००३ साली त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या मार्गावरून रोज शेकडो प्रवासी जात होते आणि खडक सर्वांनाच दिसत होते. अशा खडकांच्या पोटात चित्रे असू शकतात, हा विचार मात्र वाकणकर सोबत घेऊन बसले होते. योगायोगाच्या आधी प्रश्न असावा लागतो, तो असा.

आता आमच्या मागांकडे येतो. सोलापुरी चादरीवर आणि टॉवेलवर नक्षी उठते ती जॅकार्डमुळे. जोसेफ मारी जॅकार या फ्रेंच माणसाचे हे यंत्र १८०४ सालचे. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची आणि ती कार्डे ओळीने ओवून मागावर चढवायची. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. चार्ल्स बॅबेज हा इंग्रज गणिती गणनयंत्राची रचना करत होता. यंत्राला आज्ञा कशी द्यायची, या त्याच्या अडचणीचे उत्तर त्याला विणकरांच्या या कार्डांत सापडले. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवर जी कार्डमाळ फिरत आली, तिचे संगणकाशी असे जुने नाते आहे. एका धंद्यातली रोजची वस्तू दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला नवल वाटते, आणि त्यातून काहीतरी निघते. मात्र त्यासाठी त्या माणसाने या धंद्याच्या दारात यावे लागते.

टेरी टॉवेलही असाच आपल्याकडे पोहोचला. हेन्री ख्रिस्ती हा इंग्रज तुर्कस्तानात हिंडायला गेला असता त्याने हाताने विणलेले लूपचे कापड पाहिले. सॅम्युएल होल्टने ते यंत्रावर विणण्याची युक्ती काढली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते टॉवेल मांडले गेले. ती युक्ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या कापडाला एकच ताणा असतो, टॉवेलला दोन. एक ताणा घट्ट ओढलेला, त्याने कापडाला अंग येते. दुसरा मुद्दाम ढिला सोडलेला. दोन आडवे धागे कापडापासून थोडे अंतर ठेवून घालायचे आणि तिसरा घालताना तिन्ही एकदम पुढे ठोकायचे. घट्ट ताण्यावरून ते सरकतात. ढिला ताणा मात्र त्यांच्याबरोबर पुढे येतो आणि त्याचे लूप उभे राहतात. पाणी शोषतात ते हे लूप. दोन्ही ताणे घट्ट केले तर कापड मजबूत होईल, पण अंग पुसता येणार नाही.

आता माझी चूक. पंधराएक वर्षांपूर्वी एक माल टेबलावर आला. कार्डे ओवणाऱ्याने दोन नक्ष्यांच्या माळा एकमेकींत मिसळल्या होत्या. त्यामुळे एका नक्षीचा खालचा भाग दुसरीच्या वरच्या भागाला जोडला गेला होता आणि जमीन व फूल यांचे रंग मध्येच उलटले होते. विणकर वयाने मोठे, घरी तेलुगू बोलणारे; आम्ही त्यांना मामा म्हणायचो. माल बाजूला टाकताना ते म्हणाले, “साहेब, चुकलंय खरं, पण एकदा लांबून बघा की. बरं दिसतंय.” मी म्हणालो, “मामा, ऑर्डर याची नाहीये.” वहीत ‘दोष: कार्डे चुकीची’ असे लिहिले, माल सेकंडमध्ये गेला आणि त्यांच्या मजुरीतून कपात झाली. मी लांबून पाहिले नाही. ती नक्षी खरोखर चांगली होती का, हे आता कधीच कळणार नाही, कदाचित नसेलही. पण मामांनी त्यानंतर मला पुन्हा कधी काही दाखवले नाही, हे माझ्या लक्षात आहे. नुकसान झाले असेल तर ते तिथे.

याच्या उलट वागणुकीचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीचे आहे. १९६८ साली तिथले संशोधक स्पेन्सर सिल्व्हर घट्ट चिकटणारा डिंक शोधत होते. हाती आला तो सहज सुटणारा. त्यांनी तो फेकून न देता वर्षानुवर्षे सहकाऱ्यांना दाखवला. १९७४ च्या सुमारास आर्ट फ्राय या सहकाऱ्याला प्रार्थनेच्या पुस्तकातून निसटणाऱ्या खुणेच्या चिठ्ठ्यांनी वैताग आणला होता. त्याला तो डिंक आठवला. चिकटचिठ्ठ्या १९८० मध्ये बाजारात आल्या. त्या कंपनीत कामाच्या वेळातला काही भाग, सुमारे १५ टक्के, स्वतःच्या कल्पनेवर घालवण्याची मुभा फार पूर्वीपासून होती. ढिला ताणा म्हणतो तो हाच. शिवाय फसलेला डिंक दाखवला म्हणून सिल्व्हर यांचा पगार कापला गेला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नवनिर्मितीवरची व्याख्याने सहसा वरच्या खुर्च्यांसाठी असतात. पण अपघात घडतो मागावर, आणि तो सर्वांत आधी पाहतो विणकर. त्याची मजुरी नगावर. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजारावर. ज्याचा प्रत्येक मिनिट मोजून विकलेला आहे, त्याने थांबून नवल बघायचे ठरवले तर त्या नवलाची किंमत तोच भरतो. म्हणून ‘डोळे उघडे ठेवा’ असा उपदेश पुरेसा नाही. डोळे उघडे ठेवणाऱ्याचे नुकसान होणार नाही, अशी सोय आधी करावी लागते.

मग करता येण्यासारखे काय आहे? माझ्या अनुभवातून मला चार साध्या गोष्टी सुचतात. पहिली, दोषांच्या वहीत ‘नवल’ नावाचा एक रकाना वाढवावा. दोष कापायचा तर कापा, पण नमुन्याचा वीतभर तुकडा आणि तो कसा झाला याची नोंद ठेवा. दुसरी, अशा नोंदीसाठी दाखवलेल्या मालावर मजुरी कापू नये. तिसरी, महिन्यातून एकदा तासभर कार्डे पाडणारा, रंगवाला, विणकर, विक्रीचा माणूस आणि बाहेरचा कोणी, म्हणजे एखादा चित्रकलेचा शिक्षक किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, यांना एका टेबलाभोवती बसवावे. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच गल्लीत बोलणाऱ्या आमच्या गावाला हे अवघड जाऊ नये. चौथी, प्रत्येकाने आपल्याला पडलेला एक प्रश्न भिंतीवर लिहून ठेवावा, कारण प्रश्न दिसत असेल तरच दुसऱ्याला उत्तर ओळखता येते.

यातून नवे काही निघेलच, अशी हमी नाही. यशस्वी योगायोगांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत येतात. फसलेल्या डिंकांपैकी बहुतेक फसलेलेच राहतात. वालचंदांचेही सगळे बेत तडीस गेले नाहीत. मशागत केली म्हणून पाऊस पडत नाही, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. तरीही तो पावसाआधी जमीन नांगरून ठेवतो, कारण पडलेला पाऊस मुरायला जागा हवी.

आता कधीमधी ओळखीच्या एका कारखान्यात जातो. गेल्या वर्षी तिथल्या तरुण तपासनीसाला मी नवलाचा रकाना आखून दिला. पहिले दोन महिने तो कोराच होता. तिसऱ्या महिन्यात तिथे एक टाचणी लावलेला तुकडा दिसला आणि खाली विणकराच्या हातची तेलुगूतली एक ओळ. मला ती वाचता आली नाही. शेजारच्या मुलाने वाचून दाखवली: ढिल्या ताण्याचा रंग बदलला तर?

हे आता ते करून बघताहेत.