चहातील ऑक्सिडीभवनरोधक द्रव्ये आणि आहारातील लोह

चहाच्या कोवळ्या पानाच्या कोरड्या वजनापैकी सुमारे पाव हिस्सा पॉलिफिनॉल या वर्गातील द्रव्यांचा असतो. त्यांपैकी कॅटेचिन हे द्रव्य जपानी रसायनशास्त्रज्ञ मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ साली हिरव्या चहातून वेगळे केले. शरीरात सतत निर्माण होणाऱ्या व पेशींना अपाय करणाऱ्या काही ऑक्सिजनयुक्त रेणूंना ही द्रव्ये निष्प्रभ करू शकतात. म्हणून त्यांना ऑक्सिडीभवनरोधक म्हणतात.

आपल्याकडे प्रचलित असलेला चहा काळा. पाने चुरडली की पानातीलच विकर कॅटेचिनांवर क्रिया करते आणि थिअफ्लेविन व थिअरुबिजिन तयार होतात. चहाचा तांबूस रंग त्यांचाच. या क्रियेस व्यवहारात ‘आंबवणे’ म्हणतात खरे, परंतु तिचा जंतूंशी संबंध नाही.

चहा पिणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण काहीसे कमी असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. तथापि या द्रव्यांचा अत्यल्प अंशच आतड्यातून रक्तात जातो. चहास औषध मानणे योग्य नव्हे. आपल्या कपात साखर किती असते, हेही विसरून चालत नाही.

याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. हीच द्रव्ये धान्य, डाळी व पालेभाज्यांतील लोहाशी जखडली जातात आणि ते लोह शरीरात शोषले जात नाही. पाव किंवा भात यांच्या जोडीस चहा घेतल्यास लोहाचे शोषण बरेच घटते, असे दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ साली दाखवून दिले. सकाळी चहात भाकरी किंवा चपाती बुडवून खाण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याची कारणे अनेक असली, तरी हे एक कारण विनाखर्च दूर करता येते.

जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर असावे. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करते. आरोग्य उपकेंद्रातून किंवा शाळेतून मिळणारी लोहाची गोळी पाण्याबरोबरच घ्यावी, हे आरोग्यसेविकेने व शिक्षकांनी आवर्जून सांगावयास हवे. गुळाचा किंवा बिनदुधाचा चहा याला अपवाद नाही; पॉलिफिनॉल त्यातही असतातच.