कुबडाचं विमान

पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाला उंटाचं नाव मिळालं ते कुबडामुळे. वैमानिकाच्या पुढ्यात दोन व्हिकर्स मशीनगन होत्या आणि त्यांच्या मागच्या भागावर पत्र्याचं फुगीर आवरण. पण उंटाची खोडही त्याच्यात होती. नवख्या स्वाराला ते सहसा पाठीवर ठरू देत नसे.

डिसेंबर १९१६ मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या आघाडीवर पोचलं. जवळजवळ साडेपाच हजार बनली. लाकडी सांगाडा, ताणलेल्या तारा, वर कापड. इंजिन, बंदुका, पेट्रोलची टाकी आणि खुद्द वैमानिक हे सगळं वजन नाकाकडच्या सातएक फुटांत कोंबलेलं.

त्यात इंजिन रोटरी जातीचं. नेहमीच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि दांडा फिरतो. इथे दांडा विमानाला घट्ट बसवलेला आणि नऊच्या नऊ सिलिंडर पंख्यासकट गरगरायचे. थोडक्यात, विमानाच्या नाकावर एक दांडगा भोवरा. फिरत्या भोवऱ्याला बाजूने ढकललं तर तो ढकलल्या दिशेला न जाता भलतीकडेच कलतो. कॅमल उजवीकडे वळवलं की नाक खाली जाई, डावीकडे वळवलं की वर चढे. उजवं वळण तर इतक्या झटक्यात बसायचं की पाठलाग करणारा जर्मन वैमानिक पाहत राही. सरावलेल्या हातांना ते वरदान होतं. शिकाऊ पोरगा मात्र तेच वळण जमिनीजवळ घेई, वेग पडे आणि विमान गिरकीत सापडे.

इंजिनाला वंगण एरंडेलाचं, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. आपल्याकडे आज्या पोट साफ करायला पाजत, तेच. जळलेल्या एरंडेलाचा धूर वैमानिकाच्या नाकातोंडात जाई आणि आजीला अपेक्षित परिणाम आभाळातच होई, असं सांगतात.

पण शिकाऊंचा खरा काळ पेट्रोलच्या चावीत होता. उड्डाण होताच मिश्रणातलं पेट्रोल हाताने कमी करावं लागे. कॅमलला बसवलं जाणारं क्लर्जे इंजिन या बाबतीत फार तिरसट. चावी वेळेवर फिरवली नाही की ते गुदमरे आणि शंभर-दोनशे फुटांवर बंद पडे. अशा वेळी समोर जे शेत दिसेल त्यात उतरायचं, हा नियम. पण मागे ओळखीचं मैदान असताना मन तिकडे ओढ घेतं. पोरगा मागे वळे. पुढची गिरकी सावरायला खाली उंचीच नसे.

कॅमलच्या नावावर सुमारे १,३०० शत्रुविमानं जमा आहेत. त्याच्या वैमानिकांपैकी ४१३ लढाईत गेले आणि ३८५ लढाईबाहेर. हा दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच युद्धाचा वाटतो. त्यातल्या अनेकांनी शत्रू पाहिलाही नसेल. आणि ब्रिटिश विमानांत पॅराशूट नव्हतंच. ते निरीक्षणाच्या फुग्यांतल्या लोकांना मिळे.

दोष एकट्या यंत्राचा नव्हता. कॅमलला बैठक एकच, त्यामुळे पहिलंच उड्डाण एकट्याने. गुरूने सांगायचं ते जमिनीवर. गिरकीतून सुटण्याचा मार्ग तोवर माहीत झाला होता: सुकाणू गिरकीच्या उलट आणि नियंत्रणाची दांडी पुढे. पण जमीन अंगावर येत असताना दांडी पुढे लोटणं हे हाताला पटत नाही. हात ती पोटाशी ओढतो. ब्रिटिश वैमानिक रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी ही मेख ओळखली. ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांचंच विमान कोसळलं होतं. सोबतचा सैनिक गेला, त्यांचे पाय मोडले. १९१७ मध्ये गॉस्पोर्टच्या शाळेत त्यांनी दुहेरी नियंत्रणांच्या अ‍ॅव्हरो ५०४ मध्ये शिष्याला बसवलं, बोलायला मध्ये रबरी नळी लावली आणि ज्या गिरकीपासून पोरांना दूर ठेवलं जाई, तीच मुद्दाम घालून सोडवायला शिकवली.

कॅमल उडवणाऱ्यांत रावळपिंडीचे हरदित सिंग मलिकही होते, पगडीवर खास शिवलेलं मोठं शिरस्त्राण घालून. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर सॉपविथ कंपनीचंच डॉल्फिन विमान उडवत. जून १९१८ मध्ये जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती पडले आणि तिथेच वारले. मलिक मात्र पायात गोळ्या लागूनही वाचले आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले.

कॅमलचीच पेट्रोलची मोठी टाकी काढून तिथे गुरूसाठी दुसरी बैठक बसवायचं अखेर कोणाला तरी सुचलं. तोवर १९१८ साल उजाडलं होतं आणि युद्धाचे काही महिनेच उरले होते.